तीन गुणांनी हुकलेली निवड: शाळेकडे फेरविचार मागण्याआधी

डिचोली तालुक्यातल्या एका आईने विचारले आहे. मुलगी चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत होती आणि जूनपासून इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात पाचवीला आहे. त्या शाळेत हुशार मुलांचा एक खास गट चालतो. शनिवारी जादा तास होतात, गणितातली कोडी आणि विज्ञानाचे प्रकल्प असतात. ऑगस्टमध्ये त्यासाठी ६० गुणांची लेखी चाचणी झाली. कट-ऑफ ४५ होता, मुलीला ४२ मिळाले. मुख्याध्यापक म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. आईचे प्रश्न तीन: अपील करता येते का, कुणाकडे करायचे, आणि केले तर शाळा मुलीवर राग धरेल का? शेवटी ओघात त्यांनी असेही लिहिले आहे की गणेश चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) एका बाजूला कलत होती, तेव्हा मुलीने सांगितले, चिबूड दोरीजवळ घ्या आणि हलकी फळे टोकाला बांधा, मग सरळ राहील. आणि तशी ती राहिली.

ताई, मी गोव्यातल्या शाळांमध्ये २१ वर्षे समुपदेशक म्हणून काम करते आहे. त्यातली सहा वर्षे अशाच एका गटाच्या निवड समितीवर होते. म्हणजे तुम्ही जो अर्ज लिहायला बसणार आहात, तसे अर्ज वाचून निर्णय देणाऱ्यांत मीही होते. काही अर्ज मान्य झाले, बरेचसे झाले नाहीत. मान्य न झालेल्यांतले निम्मे तरी चुकीचे लिहिल्यामुळे गेले, मूल कमी पडल्यामुळे नव्हे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही विचारलेत अपिलाबद्दल, पण त्याच्या आधीचा प्रश्न असा आहे की त्या ४२ गुणांमध्ये मुलीची समज किती मोजली गेली आणि तिचे इंग्रजी किती मोजले गेले? गोव्यात हा प्रश्न दरवर्षी हजारो घरांत असतो, फक्त कुणी तो असा मांडत नाही. घरी कोकणी, चौथीपर्यंत शाळेत मराठी, आणि पाचवीच्या पहिल्या दिवसापासून विज्ञान-गणितासकट सगळे इंग्रजीत. जूनमध्ये भाषा बदललेल्या मुलाची ऑगस्टमध्ये इंग्रजीतून बुद्धी मोजायची, तर आकड्यात काय काय मिसळले आहे ते आधी वेगळे काढावे लागते. चाचणी घेणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना एकाच दिवशी दीडशे मुलांचा पेपर घ्यायचा असतो.

आता, काही गोष्टी तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत. गटाचे निकष लेखी आहेत का? नुसती चाचणी पाहतात, की वर्गशिक्षकांचा अभिप्रायही धरतात? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, ४५ ही ठरलेली रेषा आहे की जागा भरल्यावर पडलेली? ६० पैकी ४५ म्हणजे बरोबर ७५ टक्के, त्यामुळे ही आधी ठरवलेली रेषा असावी असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर तुमचे काम सोपे आहे, कारण तुमची मुलगी आत आल्याने कुणी बाहेर जात नाही. पण गट वीस जणांचाच असेल आणि विसावे मूल ४५ वर असेल, तर समितीला एक तर जागा वाढवावी लागते नाहीतर कुणाचे नाव काढावे लागते. नाव काढणे जवळजवळ कधीच घडत नाही. त्या परिस्थितीत जागा वाढवून मागावी किंवा दुसऱ्या सत्रासाठी विचार करा म्हणावे.

कुणाकडे जायचे? मुख्याध्यापकांकडेच. शाळेने स्वतः सुरू केलेल्या उपक्रमातल्या निवडीसाठी शिक्षण खात्याकडे अपिलाची काही वेगळी सोय नाही. मुख्याध्यापकांनी लेखी उत्तर दिलेच नाही तर शाळेचे व्यवस्थापन, आणि पालक-शिक्षक संघात निकषांबद्दल सर्वसाधारण चर्चा, एवढ्या पायऱ्या आहेत. भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे ते जात, धर्म, अपंगत्व अशा कारणाने भेदभाव झाला असेल तर. तीन गुणांसाठी पर्वरीला शिक्षण खात्यात हेलपाटे घालू नका. त्यात दोन महिने जातात आणि मधल्या काळात शाळेशी बोलणे बंद होते, ते नुकसान मोठे असते.

पहिले काम अर्ज नव्हे. पहिले काम पेपर पाहणे.

याचे एक उदाहरण सांगते. सत्तरी तालुक्यातला एक मुलगा, वडिलांचे कुळागर, म्हणजे पोफळी-मिरीची बाग. त्याला ६० पैकी ४० मिळाले होते, कट-ऑफ ४५. वडील अर्ज घेऊन आले तो सगळा "माझा मुलगा लहानपणापासून हुशार आहे" असा. मी म्हटले, हा बाजूला ठेवा, आधी पेपर पाहू. स्टाफरूममध्ये आम्ही तिघे बसलो, मी, वडील आणि गणिताच्या टीचर. पेपरचे तीन भाग होते, प्रत्येकी २० गुणांचे. आकृत्या आणि मालिकांमध्ये १८. गणितात १५. शब्दसंबंधांमध्ये ७. सातच. आणि त्या भागात चुकलेले प्रश्न फक्त चार होते, बाकी नऊ कोरे. मुलाने अंदाजानेसुद्धा गोल रंगवला नव्हता. एका कोऱ्या प्रश्नाच्या शेजारी पेन्सिलीने हलकेच प्रश्नचिन्ह काढून खोडले होते. तो प्रश्न होता ‘शेफर्ड’ आणि ‘शीप’ यांच्या जोडीचा. दुसरा होता ‘ऑर्चर्ड’, म्हणजे फळबाग, या शब्दाचा. कुळागरात वाढलेला मुलगा, पोफळी कुठल्या आणि मिरीचे वेल कुठे हे झोपेत सांगेल असा, आणि अडला तो ‘ऑर्चर्ड’ शब्दावर. दुसऱ्या दिवशी त्या नऊ प्रश्नांतले शब्द मराठीत करून मी त्याला तोंडी विचारले. सात बरोबर आले, आणि तेही मी वाक्य पूर्ण करायच्या आत.

म्हणून लगेच त्याला ४७ गुण दिले असे नाही. तसे करूही नये, कारण बाकीच्या मुलांना ती संधी मिळाली नव्हती. पण समितीपुढे आता "मुलगा हुशार आहे" हे वाक्य नव्हते. पुढे होता एक पेपर, ज्यात जिथे भाषा लागत नाही तिथे २० पैकी १८ आणि जिथे लागते तिथे ७ होते. त्याची नुसत्या आकृत्यांवरची वेगळी चाचणी घेतली, त्यात तो वरच्या चारांत आला, आणि दिवाळीनंतर गटात बसला. आणखी एक झाले, ते मला जास्त मोलाचे वाटते. पुढच्या वर्षापासून त्या शाळेने शब्दांचा भाग इंग्रजी आणि मराठी दोन्हींत छापायला घेतला.

तेव्हा तुम्ही मुख्याध्यापकांना भेटा आणि शांतपणे म्हणा, "निकालाबद्दल तक्रार नाही, तिला कुठे मदत करायची ते कळावे म्हणून पेपर पाहायचा आहे." बहुतेक ठिकाणी दाखवतात. पेपर हातात आला की तीन गोष्टी बघा. एक, बेरीज. हसू नका, दोन भागांचे गुण मिळवताना चुका होतात. उत्तरे गोल रंगवून द्यायची असतील तर एखादा प्रश्न सोडल्यावर पुढची सगळी उत्तरे एक घर खाली सरकली आहेत का तेही पाहा. एका मुलीची २३ व्या प्रश्नापासून सगळी ओळ सरकली होती, प्रश्नपत्रिकेवर मात्र तिने बरोबर पर्यायांवर टिंबे दिली होती. दोन, भागवार गुण. तीन, कोरे किती आणि चुकलेले किती. कोरे आणि चुकलेले यांत फार फरक आहे. चुकलेले उत्तर सांगते की मूल प्रश्नापर्यंत पोचले आणि तिथे घसरले. कोरे पुष्कळदा सांगते की मूल प्रश्नापर्यंत पोचलेच नाही, एक तर शब्द कळला नाही किंवा वेळ संपला. कोरे सगळे शेवटच्या पानावर असतील तर वेळेचा प्रश्न, विखुरलेले असतील तर शब्दांचा.

पेपर दाखवायला साफ नकार दिला तर? सरकारी शाळा आणि सरकारच्या भरीव अनुदानावर चालणाऱ्या शाळा माहिती अधिकार कायदा, २००५ खाली येतात. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकालही आहे. पण हा मार्ग मी शेवटचा म्हणून सांगते. पाचवीतल्या मुलीच्या शनिवारच्या तासासाठी माहिती अधिकाराचा अर्ज गेला की शाळा तुमच्याशी वकिलासारखी बोलायला लागते. तुम्हाला अजून सहा वर्षे त्याच शाळेत जायचे आहे.

आता त्या तीन गुणांबद्दल. कुठलीही चाचणी दोन आठवड्यांनी पुन्हा घेतली तर त्याच मुलाला तेच गुण पडत नाहीत. तयार मानसशास्त्रीय चाचण्या, ज्या शेकडो मुलांवर घासूनपुसून प्रमाणित केलेल्या असतात, त्यांच्या अहवालातसुद्धा बुद्ध्यंक एका आकड्यात देऊन थांबत नाहीत, त्याच्या आजूबाजूची पट्टी देतात. सरासरी १००, १३० च्या वर साधारण दोन टक्के मुले, आणि कुठल्याही एका निकालाला वर-खाली पाचेक गुणांची मोकळीक धरायची. म्हणजे १२७ आणि १३१ मिळालेल्या दोन मुलांमध्ये कोण जास्त हुशार हे सांगताच येत नाही. मग शाळेतल्या दोन शिक्षकांनी बसून काढलेल्या ६० गुणांच्या पेपरात ४२ आणि ४५ मध्ये फरक आहे असे कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. हा मुद्दा अर्जात जरूर लिहा, पण एकाच वाक्यात. कारण तो ४२ च्या प्रत्येक मुलाला लागू आहे, फक्त तुमच्या मुलीला नाही, आणि समितीला हे ठाऊक असते. या मुद्द्याने दार किलकिले होते, आत जायला दुसरे काहीतरी लागते.

ते दुसरे म्हणजे नवी माहिती, जी समितीने निर्णय घेताना पाहिली नव्हती.

इथे बहुतेक पालक बाहेरून बुद्ध्यंक चाचणी करून आणतात. करू नये असे नाही, पण घाईने करू नये. करायचीच तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून करा, आणि कोणती चाचणी, तिचे प्रमाणीकरण कधीचे, हे विचारा. आपल्याकडे अजून बिने-कामत ही चाचणी पुष्कळ ठिकाणी वापरतात. डॉ. कामत यांनी १९३० च्या दशकात कन्नड आणि मराठी मुलांसाठी ती बेतली, त्या काळी ते मोठेच काम होते. पण जुन्या मानदंडांवर आजच्या मुलाचे गुण फुगून येतात, म्हणून १३५ चा आकडा पाहून जाणकार समिती हुरळत नाही. एक आई असा अहवाल घेऊन आल्या होत्या, नुसता आकडा आणि शिक्का, भागवार काहीच नाही. आम्ही तो बाजूला ठेवला आणि त्यांना फार वाईट वाटले. मलाही वाटले, कारण मुलगा खरोखर चमकदार होता आणि पैसेही बरेच गेले होते. तुमच्या मुलीला भाषेवर न बेतलेली, आकृत्यांची चाचणी जास्त उपयोगाची. आणि एकदा दिलेली चाचणी काही महिन्यांत परत देऊ नका. मुलाला प्रश्न आठवतात आणि दुसरा निकाल कामाचा राहत नाही.

याशिवाय अर्जाला जोडून जे येते त्यातले पुष्कळसे समिती वाचतही नाही. अबॅकसची प्रमाणपत्रे, चौथीचे ९६ टक्के, शिकवणीच्या सरांचे पत्र. चौथीचे गुण सांगतात की मूल नेटाने अभ्यास करते, आणि ते चांगलेच आहे, पण हा गट त्यासाठी नाही. आणि एक कळकळीने सांगते, "तिच्या मैत्रिणीला घेतले, ती तर हिच्याहून मागे आहे" हे वाक्य अर्जात नको, बोलण्यात नको, मनातही शक्य तितके नको. ज्या क्षणी दुसऱ्या मुलीचे नाव येते त्या क्षणी वाचणारा तुमच्या मुलीचा विचार सोडून वाद कसा मिटवायचा याचा विचार करायला लागतो.

मग जोडायचे काय? ताई, ते तुमच्याजवळ आहे आणि तुम्ही ते शेवटच्या वाक्यात टाकलेत. माटोळी.

दहा वर्षांच्या मुलीने, कुणी न शिकवता, दोन दोऱ्यांवर टांगलेली चौकट पाहून ओळखले की वजन किती यावर सगळे ठरत नाही, ते दोरीपासून किती लांब यावरही ठरते. तरफेचा धडा पाठ्यपुस्तकात यायला तिला अजून वेळ आहे. हे तिला कसे सुचले ते विचारा. आधी काय करून पाहिले, काय फसले, हे तिच्याच शब्दांत, मराठीत किंवा कोकणीत, तिच्याच अक्षरात एका पानावर लिहून घ्या. चित्र काढू दे. शुद्धलेखन सुधारू नका. तुम्ही सुधारलेत की ते तुमचे होते. अशा आणखी एक-दोन गोष्टी असतील तर त्याही, तारखेसह. मी समितीवर असताना सगळ्यांत जास्त वेळ हातात धरलेला कागद असाच होता. एका मुलाने मांडवीच्या फेरीबोटीत किती स्कूटर आणि किती गाड्या बसतात याचा तीन दिवस घेतलेला हिशेब, वहीच्या मागच्या पानावर. त्यात एक चूक होती आणि ती त्याची त्यानेच दुसऱ्या दिवशी पकडलेली होती. त्या एका खोडलेल्या ओळीने निर्णय झाला.

सोबत तिच्या जुन्या प्राथमिक शाळेतल्या बाईंचे पत्र मिळाले तर उत्तम. "विद्यार्थिनी हुशार व होतकरू आहे" असले नको. ती वर्गात कोणते प्रश्न विचारायची, एखादे गणित वेगळ्या वाटेने सोडवल्याचा प्रसंग, असे चार ओळींत पण नेमके.

अर्ज एका पानाचा. निकालापासून आठ-दहा दिवसांत गेलेला बरा, कारण गटाचे तास सुरू झाले की "आता उशीर झाला" हे सोपे उत्तर तयार होते. साधारण असे लिहा: "माझी मुलगी चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आहे. निवड चाचणी इंग्रजीत, माध्यम बदलल्यावर तिसऱ्या महिन्यात झाली. तिच्या उत्तरपत्रिकेत आकृत्यांच्या भागात अमुक आणि शब्दांच्या भागात अमुक गुण आहेत, शब्दांच्या भागात इतके प्रश्न कोरे आहेत. तिची भाषेवर न बेतलेली चाचणी घ्यावी, किंवा तिला एका सत्रासाठी गटात बसू देऊन मग निर्णय घ्यावा, ही विनंती." अमुकच्या जागी खरे आकडे. पेपर पाहिल्यावर आकडे असे निघाले नाहीत, आकृत्यांमध्येही ती मध्यम आहे असे दिसले, तर हा मुद्दा सोडा. ओढूनताणून मांडू नका. त्या स्थितीत मी अर्जच न करण्याचा सल्ला देईन, आणि पुढच्या वर्षीची चाचणी तिला देता येईल ना, एवढे लेखी विचारून घेईन.

"एका सत्रासाठी बसू द्या" ही मागणी मुद्दाम सुचवली आहे. "निर्णय बदला" म्हटले की कुणाला तरी आपण चुकलो हे मान्य करावे लागते. "बसवून पाहा" म्हटले की कुणालाच काही मान्य करावे लागत नाही, आणि मुलगी स्वतःच उत्तर देते. अर्ज कार्यालयात द्या, आवक क्रमांक घालून पोच घ्या, आणि मुख्याध्यापकांना समक्ष भेटून एक प्रत द्या.

राग धरतील का, हे तुम्ही शेवटी विचारलेत, पण मला वाटते तुम्हाला सगळ्यांत आधी हेच विचारायचे होते. माझ्या अनुभवात सभ्य भाषेतल्या अर्जाचा राग शिक्षक धरत नाहीत. एकदा मात्र एका वर्गशिक्षकांनी भर वर्गात म्हटले होते, "हिच्या आईला निकाल मान्य नाही." मुलगी आठवडाभर डबा न खाता घरी नेत होती. मी त्या शिक्षकांशी बोलले, त्यांनाही ते लागले, पण झाले ते झाले. म्हणून अर्जातच एक ओळ घाला की हा विषय मुलीपर्यंत किंवा वर्गापर्यंत जाऊ नये. आणि तुमच्या बाजूनेही वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक शब्द टाकू नका. मुलीला एवढेच सांगा की तो पेपर इंग्रजीत होता, तुझे इंग्रजी आता कुठे सुरू झाले आहे, पुन्हा संधी मिळते का ते मी विचारणार आहे. मिळेलच असे सांगू नका.

याच वर्षी आणखी एक दार उघडे आहे, ते विसरू नका. जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत असतानाच आणि एकदाच देता येते. उत्तर गोव्यासाठी वाळपईला आणि दक्षिण गोव्यासाठी काणकोणला विद्यालय आहे. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, नुसत्या आकृत्यांचे असतात, त्यात भाषा नाही. तुमच्या मुलीच्या बाजूचा पेपर आहे तो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. तिथे मात्र फेरतपासणी नाही, लागला तो निकाल, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात ठेवायचे की नाही हे घरात सगळ्यांनी बसून ठरवायचे. अर्जाची मुदत अनेकदा पावसाळ्यातच संपते, तेव्हा ते आज-उद्याच पाहा.

एक शेवटची गोष्ट, ती आत्ताच सांगायला हवी, कारण प्रेमापोटी हमखास होते. पेपर पाहून आल्यावर जे प्रश्न तिने कोरे सोडले आहेत ते घरी तिला विचारू नका, शब्दांचे अर्थही सांगू नका. समितीने तेच प्रश्न मराठीत तोंडी विचारायचे ठरवले, तर ते तिने पहिल्यांदाच ऐकलेले असायला हवेत. कोऱ्या प्रश्नांचे क्रमांक आणि भागवार गुण एवढेच कागदावर उतरवून आणा आणि मला कळवा, पुढचा मजकूर मी तुमच्याबरोबर बसून पाहीन.